फुलांचं वावडं

कुणी प्रेमानं एखादं रोप आणून दिलं की मी आधी त्याची चौकशी करते. कुठून आणलं, फुलतं कधी, फुलावर मधमाशी येते का, आणि वारा सुटला की त्यातून काही उडतं का. देणारं माणूस हिरमुसतं. नवरा म्हणतो, "अगं, रोप आहे, जावई नाही." मी म्हणते, जावयाची चौकशी एकदाच करावी लागते, झाड दर वर्षी फुलतं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप, रॉकेलवाल्याचं नरसाळं, "आज ओव्हरटाइम आहे" म्हणून कंपनीतून येणारा निरोप, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. लोक याला खोड म्हणतात. म्हणोत. एका वर्षी माझी मुलगी माझ्या घरात वाढणार की सोलापूरला मामाकडे, हे सगळं त्या खोडीवरच येऊन ठेपलं होतं.

चिंचवडला आम्ही घर बांधलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी पुण्यात पेठेतल्या दोन खोल्या, आणि अंगण म्हणजे जिन्याखालचा नळ. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता; शिफ्टची नोकरी, कंपनीची बस. प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला बाजरीची शेतं होती आणि शेतांपलीकडे धुराडी. सकाळी एका बाजूनं कोंबडा आरवायचा आणि दुसऱ्या बाजूनं भोंगा व्हायचा. घर लहानच, पण मागे बिनछताची मोरी आणि भोवती ऐसपैस अंगण. त्या अंगणानं मला वेड लावलं. रातराणी, जाई, शेवंती, अबोली, जास्वंद, जे मिळेल ते मी लावत सुटले.

सासूबाई साताऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्या पदराच्या गाठीत बिया बांधून. घेवडा, दुधी, तुळस, एरंड. "बाजार जवळ आला म्हनून घरचं सोडायचं व्हय?" असं म्हणत त्यांनी कुंपणाच्या कडेनं आणि मोरीचं पाणी बाहेर पडायचं तिथं सगळं टोचून टाकलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. करारी बाई. "असेल", "बहुतेक" असले शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्यांचं सगळं एक तर "हाय", नाहीतर "न्हाई". मी ऊठसूट संशय घेणार आणि त्या कशावरच घेणार नाहीत, असा आमचा एका चुलीवरचा संसार होता.

दुसऱ्याच वर्षी, नवरात्राच्या सुमाराला, मुलीला शिंका सुरू झाल्या. ती तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. सकाळी डोळे उघडले की शिंकांची माळ लागायची, नाक लाल, डोळे सुजलेले. आणि नेमकी तीच वेळ तिच्या बापाची पहिल्या शिफ्टला निघण्याची. त्यानं चपला पायात सरकवल्या की हिची शिंक. आत्याबाई लगेच आतून ओरडायच्या, "थांब रं! शिंक आडवी आली. बस खाली, पानी पी." तो बसायचा, पाणी प्यायचा, उठायचा, पुन्हा शिंक. पुन्हा बस, पुन्हा पाणी. कोपऱ्यावरून कंपनीची बस निघून गेल्याचा आवाज यायचा आणि हा तांब्या हातात घेऊन उंबऱ्यापाशी. कारखान्यात उशिराचं कारण विचारलं तेव्हा यानं खरं ते सांगितलं, "मुलगी शिंकली." तिथले लोक पुढं कितीतरी दिवस काही बिघडलं की याच्याकडे बघून विचारायचे, "काय राव, कुठं माशी शिंकली?"

हे हसण्यावारी न्यायचे दिवस दिवाळीपर्यंतच टिकले. दिवाळी झाली की शिंका छातीत उतरायच्या. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, बरगड्या आत ओढल्या जायच्या, आणि पोर उशीला टेकून बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहायची. तिची ती नजर मला सहन व्हायची नाही. आई आहेस ना, मग काहीतरी कर, असं त्या नजरेत असायचं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं की थोडा आराम पडायचा. 'दमा' हा शब्द मात्र घरात उच्चारायची बंदी होती. आत्याबाई म्हणायच्या, "पोरीच्या जातीला आसलं नाव चिकटलं की निघत न्हाई. थंडी बाधतीय तिला, दुसरं काय न्हाई."

आणि त्यांचा इलाजही ठरलेला. संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्या मागच्या दारी जायच्या, एरंडाचं चांगलं रुंद पान तोडून आणायच्या, त्याला तेलाचा हात लावायच्या, निखाऱ्यावर धरून ऊन करायच्या आणि नातीच्या छातीवर ठेवून वरून तळवा दाबून धरायच्या. पोर ती वाटच बघत असायची. स्वतःच पोलक्याचे बंद सोडून पडून राहायची. आत्याबाई पान थंड झालं की दुसरं ठेवायच्या आणि तिला गावच्या म्हशींच्या गमती सांगायच्या. मला ते पान फारसं पटायचं नाही, पण त्या दोघींचं ते सूत बघून मी काही बोलत नसे.

होळी आली की मुलगी बरी व्हायची. थोडीथोडकी नाही, खडखडीत. दर वर्षी. आमच्या ओळीत सगळ्यांची मिळून एक होळी पेटायची आणि तिच्या मधोमध उभा करायचा एरंड आमच्या घरचा, हे आत्याबाईंनी आल्या वर्षीच जाहीर करून टाकलं होतं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत अख्खं झाड तोडून, त्याला हळदकुंकू लावून पोरं वाजतगाजत घेऊन जायची. पावसाळ्यात खोडाला पुन्हा धुमारे फुटायचे, मोरीचं पाणी तर बारमाही, आणि गणपती येईतो झाड पुन्हा माझ्या डोक्याच्या वर गेलेलं असायचं. होळीला पाच फेऱ्या मारून आल्या की आत्याबाई नातीच्या कपाळाला राख लावायच्या आणि म्हणायच्या, "जळालं बग तुजं दुखनं." चार-आठ दिवसांत पोर उड्या मारायला लागायची. मी म्हणायची, थंडी संपली म्हणून बरी झाली. त्या म्हणायच्या, होळीत जळालं म्हणून. त्यांच्या बाजूनं बोलणारे जास्त होते.

एका वर्षी फारच झालं तेव्हा आम्ही तिला पुण्यात कॅम्पातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, नाकात बॅटरी मारून पाहिलं, घर कुठं, अंगण आहे का, कुत्रं-मांजर आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "ही अ‍ॅलर्जी आहे. झाडांच्या फुलोऱ्यातून एक पिवळी भुकटी वाऱ्यावर उडते, पराग म्हणतात त्याला. तो काही जणांना सोसत नाही. घराभोवती काय काय आहे ते जरा बघा." नवऱ्यानं बसमध्ये बसल्यावर त्याचं एका वाक्यात करून टाकलं, "म्हणजे हिला फुलांचं वावडं आहे." आम्हाला ते पटलं. वांग्याचं वावडं असतं, शेंगदाण्याचं असतं, तसं फुलांचं. घरी येईपर्यंत ते वाक्य पक्कं झालं होतं आणि डॉक्टरांचं मूळ बोलणं आम्ही कॅम्पातच ठेवून आलो होतो.

त्या दिवसापासून मी अंगणातल्या प्रत्येक फुलावर डोळा ठेवला. रातराणी पहिली गेली, कारण तिचा वास सगळ्यात उग्र. मग जाई. मग शेवंती, ती तर पिवळीधमक, तिच्यावर माझा दुप्पट राग. अबोलीला वासही नाही, म्हणून ती मला जास्तच लबाड वाटली. जास्वंदीपाशी मी थोडी अडखळले, कारण आत्याबाईंच्या गणपतीला रोज तांबडं फूल लागायचं. त्यांना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "काढ. देवाला तुळस पुरं. पोरीपरीस मोठा हाय का त्यो?" आणि स्वतःच कुदळ आणून दिली. मग मी तुळशीच्या मंजिऱ्यांकडेही जरा रोखून पाहिलं, तेव्हा मात्र त्यांनी डोळे वटारले.

अंगण उघडंबोडकं झालं आणि मुलगी होती तशीच राहिली. मग मी कुंपणाबाहेर पाहायला लागले. गाजरगवत तेव्हा नुकतं सगळीकडे माजायला लागलं होतं. दुष्काळात आलेल्या परदेशी गव्हातून आलं, असं जो तो सांगायचा. परदेशी आणि फुकट आलेलं, म्हणजे माझ्या संशयाला आयतंच निमित्त. मी हाताला फडकी बांधून ते दोन गल्ल्यांतून उपटलं, माझ्या अंगाला खाज सुटली, पोरीच्या शिट्टीत फरक नाही. मग शेजाऱ्यांची निलगिरी. ते गृहस्थ एका ऑफिसात हेडक्लार्क होते, त्यांनी ओळीनं निलगिरी लावली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. मी त्यांच्या बायकोला गोड शब्दांत सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अहो, निलगिरीचं तेल सर्दीवर देतात, आणि तुम्ही म्हणता तिच्यामुळं सर्दी होते? औषधाचं झाड आहे ते." मी म्हटलं, "औषधाचं असलं म्हणून काय साधुसंत झालं का?" त्यावरून आमचं बोलणं बंद झालं. दोन्ही घरांमधली वाटीभर साखरेची देवघेव थांबली. पुढं जे कळलं त्यानंतर हे माझं वाक्य मला अनेकदा आठवलं. मीच बोलले होते आणि माझ्याच कानात शिरलं नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत मुलगी तिसरीत होती. शाळेतले खाडे वाढले होते. नवऱ्यानं एक दिवस विषय काढला. सोलापूरची हवा कोरडी, माझ्या भावाचं घर मोठं, त्याला मुलगी नाही, तिथं शाळा जवळ. "तुझ्याच भावाकडे पाठवायची म्हणतोय, परक्याकडे नाही," तो म्हणाला. त्यामुळे मला भांडायलाही जागा उरली नाही. मी म्हटलं, होळीपर्यंत थांबा, होळीला बरी होते ती. तो म्हणाला, ठीक, होळीपर्यंत. मला तेव्हा सगळ्यांचाच संशय यायला लागला होता. भावजयीनं आधीच होकार कसा दिला? आत्याबाई या विषयावर गप्प का? मुलाऐवजी मुलगी झाली तेव्हा त्या अशाच गप्प बसल्या होत्या, ते मला आठवलं आणि माझ्या मनात नको नको ते यायला लागलं.

आणि नेमकं होळीच्या तोंडावर गावाहून कळलं की नवऱ्याचे चुलते गेले. सुतक आलं. होळी पेटली, पण आमच्या घरात सण नव्हता. आम्ही खिडकीतून पाहिलं. एरंड न्यायला दर वर्षीची पोरं फाटकाशी आली तर आत्याबाईंनीच त्यांना परत पाठवलं. "सुतकातलं झाड होळीला चालत न्हाई, बाबांनो. दुसरीकडनं आना." पोरांनी काळेवाडीच्या बाजूनं कुठूनतरी दुसरा आणला. आमचा जागचा हलला नाही.

त्या वर्षी होळीनंतर मुलगी बरी झाली नाही.

थंडी गेली, अंगावरचं पांघरूण गेलं, पाडवा झाला, दुपारी पत्रा तापायला लागला, तरी सकाळच्या शिंका आणि संध्याकाळची शिट्टी जिथल्या तिथं. आत्याबाई हळहळल्या, "होळी चुकली म्हनून झालं ह्ये. राख लागली न्हाई पोरीला."  नवऱ्यानं सोलापूरला कळवून टाकलं आणि शाळेतून दाखला काढायचा अर्ज मला लिहायला सांगितला. मुलीला कळल्यावर ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "तिथं आजी येणार का?"  अर्ज मी लिहिला नाही. शाई संपली म्हणून सांगितलं.

मी स्वयंपाक करताना तेच तेच उगाळत बसायची. थंडी संपली, म्हणजे दोष थंडीचा नव्हता. मग दर वर्षी मीच चुकत होते. होळी चुकली म्हणावं, तर होळी पेटली होतीच, तिचा धूर आमच्या खिडकीतून आत आला होता. राखेचं म्हणावं, तर राखेवर माझा विश्वास नव्हता. मग यंदा वेगळं काय? एक दिवस मोरीत भांडी घासताना माझ्या पाठीवर सावली पडली, रुंद पानांची, गार. मागच्या सगळ्या वर्षांत पाडव्यानंतर त्या मोरीत लख्ख ऊन असायचं. भांडी घासताना पाठ भाजायची. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि मनात पाल चुकचुकली.

मी उठून बाहेर गेले. त्या एरंडाकडे मी इतक्या वर्षांत कधी धड पाहिलंच नव्हतं. तो फुलझाड नव्हता ना. कुणी त्याचं फूल केसात माळत नाही, देवाला वाहत नाही, त्याला फूल म्हणतही नाही. पण झाडाला तुरे होते. वरच्या अंगाला काटेरी हिरवी बोंडं आणि खालच्या अंगाला फिकट पिवळे गोंडे, आणि त्यातला एक तुरा मुलीच्या खाटेशेजारच्या खिडकीच्या गजांना जवळजवळ टेकलेला. एकही मधमाशी नाही. मी बोटानं टिचकी मारली. पिवळा धुरळा उडाला आणि उन्हात तरंगत सावकाश खिडकीतून आत गेला. कॅम्पातल्या डॉक्टरांचं बोलणं मला तेव्हा शब्दन् शब्द आठवलं. त्यांनी सांगितलं होतं भुकटीचं. आम्ही ऐकलं होतं फुलांचं.

पण माझा माझ्यावरही विश्वास नाही. शिवाय पुरावा नसताना आत्याबाईंपुढं उभं राहायची माझी छाती नव्हती. म्हणून संध्याकाळी पोळ्या झाल्यावर मी लोखंडी तवा घासून थंड केला, त्याला तेलाचं बोट फिरवलं आणि मुलीच्या खिडकीत आतल्या बाजूला ठेवून दिला. तेलकट भांड्याला काय काय चिकटतं ते स्वयंपाकघरात राहणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पाहिलं. काळ्या तव्यावर हळद भुरभुरल्यासारखा थर होता. कारखान्यांची धूळ काळी असते, रस्त्याची तांबूस. ही पिवळी होती.

नवऱ्याला दाखवलं. त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि तो बाहेर निघायच्या घाईत होता. "आधी रातराणी, मग गवत, मग शेजाऱ्यांची निलगिरी. आता हे एरंडाचं गुऱ्हाळ लावू नकोस," असं म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मला इतका संताप आला की तव्यावरचं ते तेल त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला पुसावंसं वाटलं.

मग मी तवा घेऊन आत्याबाईंसमोर गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. सुतकात एरंड राहिला ते, दर वर्षी तो होळीत जायचा ते, खिडकीचं, तुऱ्याचं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"माज्या औषधावर आळ घेतीस?" त्या म्हणाल्या. "ज्या पानानं पोरगी रोज निजती त्या पानावर?"

"पानावर नाही, आत्याबाई. तुऱ्यावर."

"एकाच झाडाचं न्हाई व्हय ते?"

उत्तर त्यांच्याच प्रश्नात होतं, हे मला मागाहून कळलं. मी तवा त्यांच्यापुढं ठेवून उठले. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर त्या तव्यावर बोट फिरवून ते डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

त्या संध्याकाळी त्या नेहमीसारख्या मागच्या दारी गेल्या. त्यांनी पान तोडलं तसं झाड हललं, ते मी मोरीतून पाहिलं. मुलगी खाटेवर पडून वाट बघत होती. दुपारभर तिला बरंच बरं होतं. आत्याबाई पान घेऊन तिच्या खाटेजवळ आल्या. तेल लावायच्या आधी त्यांनी ते पान दिव्याच्या उजेडात तिरकं धरलं. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. पानावर हलकेच फुंकर मारली. उजेडात पिवळा धुरळा दिसला, मलाही आणि त्यांनाही. मुलीला लागोपाठ शिंका आल्या. शिंका थांबल्या तेव्हा छातीत शिट्टी वाजायला लागली होती.

 आत्याबाईंचा चेहरा मला बघवेना. मी दिवसभर हा क्षण मनात घोळवला होता, आपलं खरं ठरलं की कसं वाटेल म्हणून, आणि तो आला तेव्हा मला जराही आनंद झाला नाही. त्यांनी ते पान नेऊन बंबाच्या आगीत टाकलं. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी नवऱ्याची शिफ्ट पहिली होती. मी डबा भरत होते तेव्हा मागून खाडखाड आवाज आला. आत्याबाई पदर खोचून, कोयता घेऊन एरंडापाशी उभ्या होत्या. नवरा चपला घालता घालता ओरडला, "आई, अगं काय करतेस? ते होळीचं झाड!" आणि तेवढ्यात खाटेवरून मुलगी शिंकली.

सवयीनं तो थांबला. चपला काढल्या आणि तांब्याकडे हात केला.

"जा तू," आत्याबाई मागच्या दारातून म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "बसू नगंस. शिंकू दी तिला. खरं तेच सांगती ती, किती वर्सं झाली. आपल्यालाच ऐकू येत न्हवतं."

तो गेला. त्या दिवशी बस चुकली नाही. आम्ही दोघींनी मिळून झाड पाडलं, बुंधा खणून काढला, मुळाशी मीठ आणि उकळतं पाणी ओतलं. तुरे मी ओल्या पोत्यात गुंडाळून लांब ओढ्याकडेच्या खड्ड्यात पुरले. खिडकीचे गज, खाट, गादीची खोळ, सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं.  संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "बी म्याच आनलं हुतं गं. पदरात बांधून." मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. त्यांच्याविषयी मनात जे जे आलं होतं, त्यातलं काहीच तेव्हा शिल्लक राहिलं नव्हतं.

दाखल्याचा अर्ज मी लांबवत राहिले आणि नवऱ्यानंही त्याबद्दल विचारलं नाही, कारण तो रोज सकाळी उंबऱ्यात उभा राहून कान देऊन ऐकायचा आणि मग बसकडे पळायचा. शिंका आधी विरळ झाल्या, मग थांबल्या. सोलापूरला कळवलं की मुलगी सुट्टीत येईल, महिनाभर, आंबे खायला.

पण आत्याबाई बदलल्या. दुधीचा वेल लावायचा तरी मला विचारायला लागल्या, "ह्यो चालंल का गं तिला?" नातीच्या अंगाला हात लावण्याआधी हात धुवायच्या. संध्याकाळी दिवेलागण झाली की मागच्या दारापर्यंत जायच्या, मोकळ्या जागेकडे बघायच्या आणि परत येऊन भिंतीला टेकून बसायच्या. ज्या बाईला आयुष्यात कधी शंका शिवली नव्हती तिला ती शिवली, आणि तीही स्वतःच्याच हातांची. हे मला फार लागलं. माझा स्वभाव मला चालतो, मी त्याच्यासकट जन्मले. त्यांना तो सोसणारा नव्हता.

असेच काही दिवस गेले. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. मुलगी अभ्यास आटोपून खाटेवर पडली आणि तिनं नेहमीच्या सुरात हाक मारली, "आजी, शेक."

"पान न्हाई आता, बाय माजे," आत्याबाई भिंतीपाशी बसूनच म्हणाल्या. "त्ये वंगाळ हुतं."

"पान नको," मुलगी म्हणाली. "हात आहे ना?"

आत्याबाई भिंतीला हात टेकून उठल्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, निखाऱ्यावर धरून तळवा ऊन केला. खाटेजवळ गेल्यावर तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तिला दाखवला, त्यावर काही नाही म्हणून. मग तिच्या छातीवर ठेवला आणि म्हशीची गोष्ट जिथं राहिली होती तिथून सुरू केली. मी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले आणि सवयीप्रमाणे कान देऊन ऐकलं. गोष्ट ऐकू येत होती, मध्येच मुलीचं हसू ऐकू येत होतं. शिट्टी नव्हती.